रिकामी चौकट, नल आणि पॅरामीटर बांधलेली क्वेरी: दूध संकलनाच्या प्रोग्रामच्या निमित्ताने

वाळवा तालुक्यातील एका तरुण प्रोग्रामरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातील दूध संस्थेसाठी ते पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून संकलनाचा प्रोग्राम लिहीत आहेत. सर्व क्वेरींमध्ये, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांमध्ये, त्यांनी व्हॅल्यूंच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवून त्या व्हॅल्यू पॅरामीटर म्हणून वेगळ्या पाठवल्या, म्हणजेच बांधल्या आहेत. तरीही फॅट, एसएनएफ (फॅटखेरीज दुधातील घन पदार्थ), उचल किंवा पशुखाद्याची कपात यांपैकी एखादी चौकट रिकामी राहिली, की संस्थेच्या संगणकावर दशांश व्हॅल्यू चुकीची असल्याची एरर येते. त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तीच नोंद शून्य म्हणून जाते. आणि फॅट न मोजलेल्या नोंदी नंतर शोधायला गेल्यास एकही सापडत नाही. म्हणून रिकाम्या चौकटीपुरते पॅरामीटर बाजूला ठेवून क्वेरीच्या मजकुरातच नल (NULL, म्हणजे 'इथे व्हॅल्यू नाही' अशी डेटाबेसची खूण) हा शब्द जोडावा का, असे त्यांनी विचारले आहे.

तसे करू नये, आणि तशी गरजही नाही. सांगली परिसरातील दूध संस्था व अडत दुकाने यांच्यासाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिताना हा प्रश्न मला वारंवार भेटतो, त्यामुळे कारणांसह सविस्तर लिहितो. तुमची अडचण पॅरामीटरमुळे आलेली नाही. रिकाम्या चौकटीचा अर्थ काय, हा निर्णय तुमच्या प्रोग्राममध्ये कुठेच घेतलेला नाही, त्यामुळे तो कधी पीएचपी घेते, कधी डेटाबेस घेतो आणि कधी डेटाबेसची एखादी सेटिंग घेते. दोन संगणकांवर दोन वेगळे परिणाम दिसतात ते यामुळेच.

आधी एररचा उलगडा करू. फॉर्ममधील रिकामी चौकट सर्व्हरवर पोहोचते तेव्हा ती शून्य अक्षरांची स्ट्रिंग असते. ती नल नसते आणि शून्यही नसते. ही स्ट्रिंग दशांश प्रकारच्या कॉलमकडे पाठवली, तर मायएसक्यूएलचा कडक मोड चालू असताना ती नाकारली जाते आणि तो बंद असताना इशारा देऊन ० साठवले जाते. आवृत्ती ५.७ पासून कडक मोड मुळातच चालू असतो, परंतु जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी तो अनेक ठिकाणी बंद करून ठेवलेला आढळतो. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा तसेच असावे. तेथे तो आजच चालू करा, कारण येणारी एरर ही तुमच्या हिताची आहे. पोस्टग्रेएसक्यूएल अशी रिकामी स्ट्रिंग अंकाच्या कॉलममध्ये घेतच नाही. ओरॅकल मात्र रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत भेदच करत नाही. म्हणजे या विषयावर कोणी सरसकट नियम सांगितला, तर तो कोणत्या डेटाबेसबद्दल आहे हे आधी विचारावे लागते. पुढचे विवेचन मुख्यतः मायएसक्यूएल गृहीत धरून केले आहे.

आता सुरक्षिततेबद्दल. पॅरामीटर बांधण्याचा फायदा असा, की वाक्याची रचना आणि वापरकर्त्याने भरलेली व्हॅल्यू यांची कधीच सरमिसळ होत नाही. वापरकर्त्याने अवतरणचिन्ह टाकले, अर्धविराम टाकला किंवा एखादी संपूर्ण आज्ञा लिहिली, तरी ती केवळ व्हॅल्यूच राहते. नल ही देखील प्रश्नचिन्हाच्या जागी पाठवता येणारी एक व्हॅल्यूच आहे. पीएचपीमधील खरा नल तुम्ही पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीच्या) बाइंडव्हॅल्यू फंक्शनला दिला किंवा एक्झिक्यूटच्या ॲरेमध्ये, म्हणजे व्हॅल्यूंच्या यादीत, ठेवला, तर डेटाबेसपर्यंत नलच पोहोचतो. फक्त अवतरणात नल हा शब्द लिहून पाठवू नका. तसे केल्यास तो चार रोमन अक्षरांचा मजकूर ठरतो आणि नावाच्या कॉलममध्ये अक्षरशः तसाच साठवला जातो. रिकाम्या चौकटीसाठी मजकूर जोडण्याची एक पळवाट ठेवली, की पुढच्या वर्षी त्याच फाइलमध्ये काम करणारी दुसरी व्यक्ती तिथे वापरकर्त्याची व्हॅल्यूही जोडेल. अशा पळवाटा त्या कामापुरत्या राहत नाहीत.

खरा निर्णय प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, आणि तो प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये. संस्थेच्या सचिवांसमोर बसून घ्यावा. पशुखाद्याची कपात रिकामी आहे याचा अर्थ त्या सभासदाने खाद्य नेलेले नाही, म्हणजे कपात शून्य. येथे रिकाम्याचे शून्य करणे बरोबर आहे, आणि कॉलमला नल न चालण्याचे बंधन घालून ० हे डीफॉल्ट ठेवावे. उचलीचेही तेच. फॅटचे मात्र तसे नाही. पावसाळ्यात वीज गेली, तपासणीचे यंत्र बंद पडले, नमुना बाटलीत ठेवून नंतर तपासायचे ठरले, अशा वेळी दूध घेतलेले असते, लिटर मोजलेले असतात, परंतु फॅट अजून माहीत नसते. ही 'माहीत नाही' अशी स्थिती आहे आणि तिच्यासाठी नलच हवा. संकलन केंद्रावर आलेल्या दुधाची फॅट शून्य असूच शकत नाही. म्हणून फॅटच्या कॉलममध्ये साठलेले प्रत्येक शून्य ही उत्पादकाच्या नावावर लिहिलेली खोटी नोंद आहे. गाईच्या दुधाचा दर सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरवला जातो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला दर उतरतो. तिथे चुकून शून्य गेले, की एखाद्या म्हातारीच्या दोन गाईंच्या दुधाचे पैसे दरपत्रकाच्या तळाला जातात. हे तिला बिल हातात पडल्यावर कळते, कधी कळतही नाही.

तिसरी स्थिती याहून वेगळी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक गावांतून दूध उचलणेच शक्य नव्हते. त्या दिवशी संकलन झाले नाही, तर त्या दिवसाची ओळच टेबलमध्ये नसावी. सर्व कॉलम नल असलेली ओळ भरून ठेवू नये. 'दूध आलेच नाही', 'दूध आले पण फॅट मोजली नाही' आणि 'कपात नाही' या तिन्ही गोष्टी फॉर्मवर एकसारख्याच, म्हणजे रिकाम्या दिसतात. त्यांना वेगळे करणे हेच तुमच्या प्रोग्रामचे काम आहे. शेऱ्याच्या चौकटीसाठी इतका विचार लागत नाही. तिथे रिकामी स्ट्रिंगच साठवावी आणि नलला मनाई करावी, म्हणजे तपासण्याच्या दोन स्थितींऐवजी एकच उरते.

हे ठरल्यावर रूपांतर एकाच ठिकाणी करावे: फॉर्ममधून व्हॅल्यू आल्यानंतर आणि क्वेरीत बांधण्यापूर्वी. माझ्या प्रोग्रामांमध्ये प्रत्येक प्रकारासाठी एक लहान फंक्शन असते. ते मजकुराच्या दोन्ही टोकांचे स्पेस काढते. उरलेली लांबी शून्य असेल, तर त्या चौकटीसाठी ठरलेली व्हॅल्यू, म्हणजे नल किंवा ०, परत करते. काही मजकूर उरला असेल तर तो खरोखर अंक आहे का हे तपासते आणि नसेल तर वापरकर्त्याला संदेश दाखवून नोंद थांबवते. रिकामे, योग्य आणि अयोग्य हे तीन निकाल वेगळे ठेवा. अयोग्य मजकुराचे गुपचूप नल करणे हे रिकाम्याचे गुपचूप शून्य करण्याइतकेच वाईट आहे.

पीएचपीमध्ये या फंक्शनात तीन ठिकाणी घसरण होते. सुरक्षिततेसाठी म्हणून अनेक जण आलेल्या मजकुराला थेट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलतात. रिकाम्या स्ट्रिंगचे त्यात ०.० होते आणि निर्णय तुमच्या हातून निसटतो. दुसरे, एम्प्टी हे फंक्शन ० हा अंक एकटाच लिहिलेल्या मजकुरालाही रिकामे समजते. कपातीची दुरुस्ती करताना सचिवांनी मुद्दाम ० भरले असेल, तर एम्प्टी वापरणारा कोड ते फेकून देतो. रिकामेपणा तपासायचा तर तीन बरोबरच्या चिन्हांनी रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करावी. दोन बरोबरची चिन्हे टाळावीत, कारण रिकामी स्ट्रिंग आणि शून्य यांची तुलना पीएचपी ७ मध्ये खरी ठरते आणि २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ मध्ये खोटी ठरते. तिसरे, दोन प्रश्नचिन्हांचा जो ऑपरेटर आहे तो फक्त चौकट आलीच नसेल किंवा तिची व्हॅल्यू नल असेल तेव्हाच पर्यायी व्हॅल्यू देतो. रिकामी स्ट्रिंग त्यातून जशीच्या तशी पुढे जाते. चेकबॉक्सचे वर्तन आणखी वेगळे असते: खूण केली नसेल तर ब्राउझर त्याचे नावसुद्धा पाठवत नाही. तिथे हा ऑपरेटर उपयोगी पडतो.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. मराठी कीबोर्ड चालू असताना सचिव ३.८ असे देवनागरी अंकांत लिहितात. पीएचपीला देवनागरी अंक हे अंक वाटत नाहीत. फ्लोटमध्ये बदलल्यास त्याचेही शून्यच होते. त्याचप्रमाणे १,२५,००० असे स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या रकमेचे पूर्णांकात रूपांतर केले, तर पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून केवळ १ उरतो. म्हणून तपासणीपूर्वी देवनागरी अंक बदलून घ्यावेत आणि रकमेतील स्वल्पविराम काढावेत. अंकाच्या प्रकारची चौकट वापरून जावास्क्रिप्टने व्हॅल्यू वाचत असाल, तर अंक म्हणून न वाचता येणारा मजकूर तिथेच रिकाम्या स्ट्रिंगच्या रूपात हाती येतो, हेही ध्यानात ठेवा. अशा वेळी ब्राउझर देत असलेली वैधतेची माहितीही तपासावी, नाहीतर वापरकर्त्याने भरलेली चौकट तुम्हाला रिकामी दिसेल.

इथवरचा सारांश सांगायचा तर अर्थ चौकटीगणिक ठरवावा, रूपांतर एका जागी करावे, आणि नोंद करताना नल नेहमीच्या प्रश्नचिन्हातूनच पाठवावा. भरण्याच्या क्वेरीत एवढे पुरते. शोधण्याच्या क्वेरीत पुरत नाही, आणि तुमच्या नोंदी सापडत नाहीत त्याचे उत्तर तिथे आहे.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, तुलनेचे निकाल तीन असतात: खरे, खोटे आणि अज्ञात. नलशी केलेली कोणतीही साधी तुलना अज्ञात ठरते, अगदी नलची नलशी केलेली तुलनासुद्धा. आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीतील अटीचा भाग, फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी देतो. त्यामुळे 'व्हेअर फॅट = ?' असे लिहून प्रश्नचिन्हाला नल बांधला, तर क्वेरी एरर न देता शून्य ओळी परत करते. तिथे 'फॅट इज नल' असेच लिहावे लागते, आणि ती वाक्याची रचना असल्यामुळे प्रश्नचिन्हातून पाठवता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये नललाही सामावून घेणारा तुलनेचा ऑपरेटर आहे. लहान-पेक्षा, बरोबर आणि मोठे-पेक्षा ही तीन चिन्हे सलग लिहिली की तो होतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्या कामासाठी 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' आहे. व्हॅल्यू नल असण्याची खरोखर शक्यता असेल तिथेच ते वापरावेत. तुमच्या उदाहरणात, संध्याकाळी नमुना तपासल्यावर फॅट भरायची असेल, तर अपडेटच्या व्हेअरमध्ये सभासद क्रमांक, तारीख आणि वेळ यांची प्रश्नचिन्हे ठेवून शेवटी 'अँड फॅट इज नल' हे कायमचे लिहून टाका. त्याचा आणखी एक लाभ असा, की एकदा भरलेली फॅट या मार्गाने कोणाला पुसून पुन्हा भरता येत नाही.

'बरोबर नाही' या तुलनेतही हाच धोका आहे. अमुक मार्गावरील सभासद वगळून बाकीचे दाखवा, असे विचारले तर ज्यांचा मार्ग अजून भरलेला नाही ते सभासदही यादीतून गळतात. आणि 'यादीत नसलेले' शोधणाऱ्या 'नॉट इन'च्या यादीत एक जरी नल शिरला, तरी उत्तर रिकामे येते.

शोधाच्या फॉर्मवर गाव, तारखेपासून, तारखेपर्यंत, सभासद असे पर्यायी रकाने असतात आणि त्यांतले बहुतेक रिकामे राहतात. इथे रिकाम्याचा अर्थ 'ही अट नको' असा आहे. तो नल नव्हे. काही जण प्रत्येक अट 'प्रश्नचिन्ह नल आहे किंवा कॉलम प्रश्नचिन्हाइतका आहे' अशी दुहेरी लिहितात. लहान टेबलवर ते चालते. संकलनाच्या टेबलमध्ये मात्र प्रत्येक सभासदाच्या दररोज दोन ओळी वाढतात, आणि अशा दुहेरी अटींमुळे इंडेक्सचा, म्हणजे जलद शोधासाठीच्या सूचीचा, नीट उपयोग होईलच याची खात्री राहत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर त्या पॅरामीटरचा प्रकार कळत नाही अशी एररही येऊ शकते. मी अटींचे तुकडे जोडतो: गाव भरले असेल तरच 'गाव = ?' हा तुकडा एका ॲरेत टाकायचा आणि त्याची व्हॅल्यू दुसऱ्या ॲरेत टाकायची, शेवटी तुकडे 'अँड'ने जोडून व्हॅल्यूंचा ॲरे एक्झिक्यूटला द्यायचा. यात क्वेरीचा मजकूर जोडला जातो हे खरे, पण प्रत्येक तुकडा आपण स्वतः कोडमध्ये लिहिलेला असतो. वापरकर्त्याचे एक अक्षरही त्यात येत नाही. कोणत्या कॉलमने क्रम लावायचा हे वापरकर्ता निवडत असेल, तर त्याची निवड आपल्या ठरलेल्या यादीत आहे का हे पाहून यादीतले नाव वापरावे, कारण कॉलमचे नाव प्रश्नचिन्हातून जात नाही.

हीच पद्धत डिलीट किंवा अपडेटसाठी वापरताना फार सावध राहा. सर्व रकाने रिकामे राहिले तर अटी उरत नाहीत आणि क्वेरी पूर्ण टेबलवर चालते. तिथे अटींचा ॲरे रिकामा असेल तर क्वेरी चालवण्यास नकार द्यावा. लाइकच्या, म्हणजे मजकुराचा भाग जुळवण्याच्या, शोधातही रिकाम्या स्ट्रिंगच्या दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह लावले, की नल सोडून सगळे जुळते, म्हणजे त्यात 'सर्व' दाखवल्यासारखे वाटते, पण ज्यांचे गाव नल आहे तेवढेच नेमके नाहीसे होतात. 'इन'च्या कंसात एकही व्हॅल्यू नसेल तर मायएसक्यूएल ती क्वेरीच नाकारतो. यादी रिकामी आहे हे आधीच पाहून क्वेरी न चालवता रिकामा निकाल परत करावा.

दुरुस्तीच्या फॉर्मवर रिकाम्या चौकटीचे आणखी दोन अर्थ संभवतात: 'जुनी माहिती पुसा' आणि 'जुनी माहिती तशीच ठेवा'. कोअलेस हे पहिली नल नसलेली व्हॅल्यू देणारे फंक्शन वापरून 'नवी नल असेल तर जुनीच ठेवा' असे लिहिण्याची सवय बरीच दिसते, पण मग सभासदाचा चुकलेला मोबाईल क्रमांक काढून टाकण्याचा मार्गच उरत नाही. फॉर्म उघडताना जुन्या व्हॅल्यू भरून दाखवत असाल, तर रिकामी केलेली चौकट म्हणजे पुसण्याची आज्ञा समजावी. मोबाईल क्रमांकाला युनिक बंधन असेल, तर तिथे नलच साठवावा. दुसऱ्या सभासदाची रिकामी स्ट्रिंग जाताच ती पहिल्याची पुनरावृत्ती ठरून एरर येते, नल मात्र कितीही चालतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या युनिक बंधनाखाली एकच नल चालतो, हा अपवाद आहे. डीफॉल्टबद्दलही एक सांगतो: उघडपणे नल पाठवला तर कॉलमचे डीफॉल्ट लागू होत नाही. डीफॉल्ट हवे असेल तर तो कॉलम इन्सर्टमधून वगळावा, किंवा ठरलेली व्हॅल्यू कोडमधूनच पाठवावी.

नल साठवायला सुरुवात केल्यावर बिलाच्या क्वेरी तपासणे अत्यावश्यक आहे, आणि हा भाग लोक सर्वांत जास्त विसरतात. बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकारात एक घटक नल असला की त्या ओळीचे उत्तर नल होते; सम आणि ॲव्हरेज ही ओळींची बेरीज व सरासरी काढणारी फंक्शने मात्र नल ओळी गाळून पुढे जातात. समजा, एका उत्पादकाने सकाळी १० लिटर दूध ३.८ फॅटने घातले आणि संध्याकाळच्या १० लिटरची फॅट मोजली गेली नाही. लिटर गुणिले फॅट यांची बेरीज भागिले एकूण लिटर, असे सूत्र लिहिले असेल तर वरची बेरीज ३८ येते, कारण संध्याकाळची ओळ गळते. खालची बेरीज मात्र २० येते, कारण लिटर भरलेले आहेत. सरासरी फॅट १.९ निघते, आणि कुठेही एरर येत नाही. भाजकातही फक्त फॅट असलेल्या ओळींचे लिटर घ्यावे लागतात, मग उत्तर ३.८ येते. दहा दिवसांच्या बिलात तर याहून वाईट होते: ज्या ओळीची रक्कम नल आहे ती समसाठी नसल्यासारखीच असते, म्हणजे १० लिटर दूध संस्थेकडे जमा आणि पैसे मात्र नाहीत. इथे कोअलेसने नलचे शून्य करणे हा उपाय नव्हे, त्याने तीच चूक झाकली जाते. बिल तयार करण्यापूर्वी फॅट नल असलेल्या ओळी मोजाव्यात, आणि एकही असली तर ती सचिवांना दाखवून बिल थांबवावे. न मोजलेल्या दुधाला मागील सरासरीने दर द्यायचा की आणखी कशाने, हा संस्थेचा नियम आहे; तो त्यांनी ठरवावा आणि आपण तो प्रोग्राममध्ये आणावा.

डेटाबेसमध्ये चेक बंधन घालत असाल, तर मायएसक्यूएल ते ८.०.१६ पासूनच प्रत्यक्ष पाळतो. 'फॅट शून्यापेक्षा मोठी' हे बंधन नललाही जाऊ देते, कारण अज्ञात निकाल म्हणजे बंधनाचा भंग नव्हे. तुमच्या कामाला ते अगदी योग्य बसते: नल चालेल, ० चालणार नाही.

जुन्या नोंदींचे काय करायचे हे कॉलमवर अवलंबून आहे. लिटर शून्याहून जास्त आणि फॅट शून्य अशी ओळ सापडली, तर ती न मोजलेलीच आहे हे निश्चित असल्यामुळे बॅकअप घेऊन तिथे नल करता येईल. कपातीच्या कॉलममधील शून्ये खरी की रिकामी हे आता कोणालाच सांगता येणार नाही. सुदैवाने दोहोंचा अर्थ एकच असल्याने ती तशीच ठेवावीत. ज्या बिलांचे पैसे वाटून झाले आहेत, त्यांच्या रकमा बिलाच्या टेबलमध्ये स्वतंत्र साठवलेल्या असाव्यात आणि त्या पुन्हा काढू नयेत. तिथे फरक आढळल्यास तो पुढील बिलात वेगळ्या ओळीने द्यावा, म्हणजे उत्पादकाला तो दिसतो. बदलांचा क्रमही पाळा: आधी फॅटच्या कॉलमला नल चालेल अशी रचना करा, मग बिल आणि अहवालांच्या क्वेरी नल सांभाळतील अशा करून घ्या, त्यानंतर जुनी शून्ये बदला, चेक बंधन घाला आणि सर्वांत शेवटी फॉर्ममागचा कोड बदला. शेवटच्या पायरीनंतरच्या पहिल्या दहा दिवसांचे बिल वाटण्यापूर्वी सचिवांच्या वहीतील लिटरच्या बेरजेशी ताडून पाहा.